घरचा कातळ

आमच्या घरात आजवर एकच दुर्मीळ गोष्ट सापडली, आणि त्या दिवशी माझीच घरातून उचलबांगडी होता होता राहिली.

निवृत्तीनंतर मला पतंगांचा नाद लागला. (उडवायचे नव्हेत, दिव्यावर येतात ते.) फोटो काढायचा, अभ्यासकांच्या ग्रुपवर टाकायचा, ते नाव सांगतात. आजवर माझ्या प्रत्येक पतंगाला "अगदी सामान्य" असंच उत्तर आलं होतं. माझ्या बायकोच्या, मालतीच्या मते ते माझ्याबद्दल होतं.

त्या सकाळी तांदळाच्या पिंपाच्या झाकणावर नखाएवढा पिवळा पतंग बसला होता, पंखांवर काळे ठिपके. असला मी कधी पाहिला नव्हता. घाईघाईत फोटो पाठवला, पतंगावर पेला पालथा घातला आणि ओटीवर धावलो.

ओटीवर विहीणबाई चहा घेत होत्या. आमच्या लेकीच्या लग्नानंतरचं आमच्या शेतातलं हे पहिलंच भातपीक, त्याचा तांदूळ न्यायला त्या खास उरणहून मुरुडपर्यंत आल्या होत्या. मालतीने तो स्वतः पाखडून, निवडून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवला होता.

"विहीणबाई, तुमच्या तांदळाच्या पिंपावर दुर्मीळ पाखरू सापडलं!"

त्यांनी बशी खाली ठेवली. "तांदलान पाखरू?"

मी पतंग असतो तर मालतीच्या नजरेनेच जळून गेलो असतो. तेवढ्यात ग्रुपवर उत्तर आलं, "फोटो अस्पष्ट. धान्यातला पतंग असावा. तांदूळ तपासा." (हे मी मोठ्याने वाचलं. सवय!)

झालं. अंगणात चादरी पसरल्या, पिंप ओतलं, दोघी सुपं घेऊन बसल्या. मालतीचे डोळे भरून आले होते. लेकीच्या सासरी काय तोंड दाखवायचं, या विचाराने ती एकेक दाणा उजेडात धरून पाहत होती. मला फार वाईट वाटलं. पण अळी नाही, जाळी नाही, एक किडका दाणा नाही.

म्हटलं, निदान पतंगाचा नीट फोटो काढू. आत गेलो तर पेला फळीवर.

"अहो, पिंप ओतायचं तर पेला उचलायला नको?" मालती म्हणाली.

मी तोंड पाडून अंगणात उभा राहिलो.

"हलू नका व्याहीबुवा, तुमचे डोक्याव बसलाय," विहीणबाई म्हणाल्या. (केस असते तर मला जाणवलं तरी असतं.) माझा फोन घेऊन त्यांनीच अगदी जवळून फोटो काढला. मी तो लगेच पाठवला.

"हा धान्यातला नाहीच," उत्तर आलं. "याच्या अळ्या कातळावरचं दगडफूल खातात. दिव्याला घरात आला असेल. तुमच्या तालुक्यातली पहिलीच नोंद, अभिनंदन."

"म्हणजे तांदूळ चांगला आहे ना?" मालतीने विचारलं.

"चांगलाच व्हता," विहीणबाई हसल्या, "आता परत निवडून झाला."

मालती मटकन पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. माझाही जीव भांड्यात पडला. एवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"फोटो उत्तम. नोंदीसाठी एवढंच सांगा, पतंग ज्या गुळगुळीत कातळावर बसलाय, तो नेमका कुठला?"

"कळवा त्यांना, कातळ घरचाच आहे," मालती म्हणाली. "पण दगडफुलाचं सोडा, त्याच्यावर काहीच उगवत नाही."