फाइलमध्ये कोण बसलंय?

ऑफिसचे किस्से प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण कपाट उघडलं की अंगावर पडतात. आमच्या परदेशातल्या, शॉमबर्गच्या ऑफिसचे तर सगळे एकाच फाइलने दिलेले!

ही फाइल म्हणजे पंपांच्या सुट्या भागांच्या ऑर्डरींचा डेटाबेस. एका माणसाने स्वतःच्या कॉम्प्युटरवर, स्वतःपुरता केलेला. तो रिटायर झाला आणि कंपनीने तीच फाइल नेटवर्कवर टाकून सगळ्यांना सांगितलं, "वापरा!" दोघांनी उघडली की ती अडायची, तिघांनी उघडली की मोडायची. तिला सांभाळायला नागपूरच्या विनयला काँट्रॅक्टवर आणलं होतं. त्याची बायको अश्विनी गरोदर. काँट्रॅक्ट वाढलं तर व्हिसा वाढणार, नाहीतर बॅगा भरायच्या. फाइल मोडली की आम्ही हसायचो आणि विनयचा चेहरा पांढरा पडायचा. मग आम्हालाही हसवायचं नाही.

* * *

पहिला उपाय मुंबईच्या शिल्पाने काढला. तिच्या डब्यातली स्टीलची वाटी. ज्याच्या टेबलावर वाटी, त्यानेच फाइल उघडायची! फाइल चक्क मोडायची थांबली. आमची मॅनेजर लिंडा मीटिंगमध्ये "हू हॅज द वाटी?" विचारायला लागली.

एका शुक्रवारी शिल्पाने वाटी धुतली आणि सवयीने डब्यात घालून घरी नेली. सोमवारी बाई आजारी! अख्खं डिपार्टमेंट हातावर हात ठेवून बसलं. मी म्हटलं, "किचनमधला एखादा कप घेऊ या ना."

लिंडा गंभीरपणे म्हणाली, "नो. देन देअर विल बी टू."

* * *

मग शिल्पा लग्नाला भारतात गेली. स्वतःच्याच! जाताना फाइल उघडी आणि कॉम्प्युटरला पासवर्ड. मशीन बंद करावं तर फाइल मोडणार, न करावं तर कुणालाच ऑर्डर टाकता येईना. विनयने सकाळी सकाळी डोंबिवलीला फोन लावला.

"काकू, शिल्पाला एक मिनिट द्या ना, अर्जंट आहे."

"अरे, ती बोहल्यावर उभी आहे! अक्षता पडू देत, मग देते."

विनय फोन कानाला लावून मंगलाष्टकं ऐकत उभा राहिला. शेवटी शिल्पा फोनवर आली. त्याने पासवर्ड विचारला. ती कुजबुजली, "यार, आत्ता नाही सांगता येणार. हा शेजारीच उभा आहे."

* * *

आमच्यातल्या डेव्हला थोडं मराठी येत होतं. 'येतो' म्हणजे 'आय अ‍ॅम कमिंग', हे त्याला विनयनेच शिकवलेलं. एका संध्याकाळी डेव्ह म्हणाला, "विनय, मला फाइल हवीय." विनयला अश्विनीला डॉक्टरकडे न्यायचं होतं. घाईघाईने जॅकेट चढवत तो म्हणाला, "येतो!" आणि गेला. फाइल उघडीच.

डेव्ह बिचारा वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी तक्रार थेट वर. "ही सेड ही वॉज कमिंग!"

मी विनयला म्हटलं, "तू सरळ 'जातो' म्हणायचंस."

तो भडकला. "काहून बे? घरात बाळ येणार आहे अन् मी 'जातो' म्हणू काय?"

* * *

विनयच्या आणि आमच्याही काँट्रॅक्टचा निर्णय घ्यायला हेड ऑफिसहून मोठा साहेब आला. कॉन्फरन्स रूममध्ये लिंडाने फाइल उघडली. पडद्यावर मेसेज आला, 'अ‍ॅडमिन'ने फाइल अडवून ठेवली आहे.

आता आमच्या फाइलमध्ये कुणी कुणाला वेगळं नाव दिलेलंच नव्हतं. ती कुणीही उघडली तरी त्याला 'अ‍ॅडमिन'च म्हणायची. मी अ‍ॅडमिन, शिल्पा अ‍ॅडमिन, लिंडासुद्धा अ‍ॅडमिन!

साहेबाने विचारलं, "हा अ‍ॅडमिन कोण?"

मी म्हटलं, "सर, आम्ही सगळेच."

साहेब म्हणाला, मित्राला पाठीशी घालणं त्याला समजतं. त्याची नजर विनयच्या गळ्यातल्या बॅजवर थांबली होती. नावाखाली हुद्दा होता, 'डेटाबेस अ‍ॅडमिन'.

विनय सारखा सांगत होता, "मी फाइलमध्ये नव्हतोच!" कुणी ऐकलं नाही. आमची काँट्रॅक्टं वाढली, त्याचं नाही. त्याच दिवशी त्याने बॅज परत केला. त्याचा कॉम्प्युटर कंपनीच्या माणसांनी बंद करून तारांसकट उचलून नेला. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंडाने फाइल उघडली. स्क्रीनवर तिला पुन्हा तोच 'अ‍ॅडमिन'चा मेसेज दिसला. मग माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली,

"आय थॉट ही लेफ्ट!"