फ्रीजचा प्लग

जुन्नरच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय. आज जे घडलं ते तुम्हा सगळ्यांना सांगायलाच हवं.

आहुपेच्या देवराईतल्या मातीतल्या जंतूंवर माझी पीएचडी चालू आहे. आज सकाळी लॅबचा फ्रीज उघडला, तर आत सगळं कोमट. तिसऱ्यांदा! प्लग काढून, वायर नीट गुंडाळून फ्रीजवर ठेवलेली. वर्षभराचे उरलेसुरले नमुनेही गेले.

माझे गाइड सर म्हणाले, "लाईट गेली असेल. सवलतीत सीट मिळाली ना? आता फ्रीजही आम्हीच सांभाळायचा का?"

लाईट काय वायर गुंडाळून जाते का हो?

बाहेर आल्यावर शिपाईमामांनी हळूच एक वही दिली. "म्याडम, लाईट गेलीच न्हाई. ही तुमच्या आदीच्या म्याडमची वही. कपाटामागं पडली व्हती."

म्हणजे संगीताची. तीही माझ्यासारखी बौद्धवाडीतून आलेली. लग्न ठरलं म्हणून तिनं संशोधन सोडलं, असं सरांनी आम्हाला सांगितलं होतं.

वहीतली शेवटची ओळ अशी आहे: "आज तिसऱ्यांदा प्लग काढलेला होता." पुढची सगळी पानं कोरी.

संगीता आता कुठं असते, कुणाला माहीत आहे का? तिला एवढंच विचारायचंय, चौथ्यांदा काय झालं?