प्लास्टिकखालचे थेंब

मुलीच्या खोलीतल्या फरशीवर ह्यांनी काल प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला होता. आज सकाळी पाहिलं, तर त्याच्या आत बारीक बारीक थेंब जमले होते.

"बघ, खालून ओल येतेय," हे म्हणाले. "यावर थेट लाकूड बसवलं असतं तर महिन्याभरात फुगलं असतं. आधी ओल अडवायची, मग प्लायवूड, मग लाकूड."

गुडघे टेकून, गाल जवळजवळ फरशीला लावून हे कुठे उंचसखल आहे ते बघत होते. मी दारात उभी होते. ह्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ह्यांनी मुलीला याच खोलीतून बाहेर काढलं, तेव्हा तिचं ऐकायला खुर्चीवरून उठलेसुद्धा नव्हते. आता तिचा पलंग भंगारात गेलाय आणि इथे ह्यांची वाचनाची खोली होणार आहे. लाकडाखाली काय घालावं, हे ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं. मुलगी कशी आहे, हे एकदाही कुणाला विचारलं नाही.

प्रत्येक घरात असा मधला थर कुणीतरी होतंच. वरचा भार सोसायचा, खालची ओल वर येऊ द्यायची नाही आणि स्वतः कुणाला दिसायचं नाही. आमच्या घरात तो थर मी आहे.

हे उठले, गुडघे झटकले.

"वरून चालताना खालचं काही जाणवणार नाही ना गं?"

"तुम्हाला नाही जाणवणार," मी म्हटलं.

ह्यांना हायसं वाटलं.