बाईंच्या हातचं

शेठनी चमचा तोंडाशी नेला आणि तिथेच थांबवला. लोणच्याचा रस ओघळून ताटलीत पडला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे. पायांत चपला नव्हत्या.

"वास छान आहे. पण कोणाच्या हातचं?"

हा प्रश्न आपल्याकडे दोन वेळा विचारतात. खाऊन झाल्यावर, चव आवडली म्हणून. आणि खायच्या आधी, जात कळावी म्हणून. चमचा अजून भरलेला होता.

मी नववीत होते. परीक्षा संपली होती आणि कर्जतला व्यापाऱ्यांच्या मंडळाने शाळांसाठी उद्योग-योजना स्पर्धा भरवली होती. मुलांनी एखादा धंदा सुचवायचा. माल कुठून आणणार, गिऱ्हाईक कोण, जाहिरात कशी करणार, ते सगळं तक्त्यावर मांडायचं आणि पुढ्यात नमुना ठेवायचा. माझी योजना करवंदाच्या लोणच्याची. कडावकडे आमच्या माळावर करवंदाच्या जाळ्या फुकट, वर माथेरानला उन्हाळ्यात पाहुण्यांची गर्दी. मध्ये फक्त डोंगर. परीक्षक शेठचं माथेरानला हॉटेल होतं आणि पहिल्या नंबरचा माल ते हंगामभर ठेवणार होते. तसं झालं असतं तर आईला लोकांच्या शेतात भाताच्या आवणीला, चिखलात रोपं लावायला, जावं लागलं नसतं. मला बक्षिसाची ढाल नको होती. एवढंच हवं होतं.

लोणचं आईचं. कच्ची करवंदं काट्यांतून काढायची, ठेचायची, मीठ लावून ठेवायची. करवंदाचा पांढरा चीक हाताला लागला की काळा पडतो. राख लावा, चिंच लावा, आठ-आठ दिवस निघत नाही. आईचे हात मनगटापर्यंत काळे होते. माझीही बोटं काळी. ती मी पाठीमागे धरून उभी होते.

आमची बौद्धवाडी. गाव मात्र अजून जुन्याच नावाने हाक मारायचं. आमच्या वर्गशिक्षिका बाईंना हे ठाऊक होतं. बाई चांगल्या होत्या, हे मी आजही म्हणेन. तक्ता त्यांनीच सुबक अक्षरात लिहून दिला. बरणीवर चिठ्ठीही त्यांनीच चिकटवली. 'घरगुती, सोवळ्यातले.' मी चिठ्ठीकडे बघतच राहिले, तशा म्हणाल्या, "खोटं बोलू नकोस. पण विचारल्याशिवाय सगळं सांगायचीही गरज नाही."

आता विचारलं होतं.

मी येताना वाटेत एक उत्तर ठरवून ठेवलं होतं. आमच्या बाईच्या हातचं. आई बाईच होती की. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. पण तोंडातून आलं ते हे:

"आमच्या बाईंच्या हातचं."

एक अनुस्वार. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तो शेठच्या कानाने घातला. नाही. मी घातला. चांगला नाकातून घातला आणि वर शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे मान वळवून दाखवलं. बाईंनी नजर खाली केली. नाही म्हणाल्या नाहीत.

शेठनी चमचा तोंडात घातला. "वा. याला म्हणतात हात." आणि दुसरा चमचा घेतला.

आई दाराशी उभी होती. बरण्या टोपलीत घालून, टोपली डोक्यावर घेऊन तिनेच आणल्या होत्या. मंडळाचा एक माणूस तिला म्हणाला, "ए बाई, एवढे चमचे घे विसळून." तिने माझ्याकडे पाहिलं. मी कोण आहे ते सांग, असं त्या बघण्यात होतं. शेठ अजून समोरच होते.

मी म्हणाले, "घे विसळून."

'आये' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कळलं असतं.

ती गेली. विहिरीवरून बादली भरून आणली, व्हरांड्यात ठेवली आणि चमचे विसळत बसली.

दुपारी निकाल लागला. पहिला नंबर माझा. शेठ माइकवर म्हणाले, "ज्यांच्या हातची ही चव, त्या बाईंनी जरा उभं राहावं." बाई घुटमळल्या. मग उभ्या राहिल्या. हात जोडले. स्वच्छ हात. टाळ्या पडल्या. मी मागे पाहिलं, तर ओल्या हातांनी आईही टाळ्या वाजवत होती. तिला एवढंच कळलं होतं की लेकीचा नंबर आला. स्वतःच्या लोणच्याचं कौतुक दुसरीला मिळतंय आणि माझी आई टाळ्या वाजवतेय. सकाळपासून मला तिची लाज वाटत होती. ती माझी वाटायला हवी होती.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. शाळेतली भाषा तोंडात येईना.

"लोणचं बाईंच्या हातचं नाय. माझ्या आयेच्या हातचं हाय. ती तिकडं चमचे इसळते ना, ती. बाईंचे हात बघा नि तिचे बघा." आणि मी माझे दोन्ही काळे हात वर केले.

हात कोणी बघितले नाहीत. सगळे शेठकडे बघत होते. शेठ उठले, व्हरांड्यात गेले आणि त्यांनी खळखळून चुळा भरल्या. तीन वेळा. पाणी आईने भरलेल्या बादलीतलं होतं. हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

नंबर मेणबत्त्यांच्या योजनेला गेला. आम्ही बरण्या उचलल्या.

एसटीची वाट बघताना मी म्हणाले, "आये, समद्यांसमोर सांगितलं ना मी."

"सांगितलंस गं," ती म्हणाली. "पन त्यानं पैल्यांदा इचारलं तवा सांगायचं व्हतं. मंग मी चमचे नसते इसळले."

एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. त्या पावसाळ्यात ती आवणीला गेली. मीही गेले.

मी तिची माफी मागितली नाही. मागितली असती तर तिने लगेच दिली असती आणि मी सुटले असते. मला सुटायचं नाही.

आता मी शाळेत शिकवते. मलाही पोरं बाई म्हणतात. अशा स्पर्धा अजून होतात. माझ्या वर्गातल्या पोरांच्या तक्त्यावर पहिली ओळ ठरलेली असते, माल कोणाच्या हातचा. पूर्ण नाव, आडनाव, वाडी. मागच्या खेपेला एका परीक्षकांनी चमचा हातात घेतला आणि हसून म्हणाले, "बाई, हे नाव खाली कुठेतरी लिहा ना. आधी चव तर घेऊ द्या."

मी बरणीला झाकण लावलं.

"आधी नाव वाचा," मी म्हणाले. "मोठ्यानं."