उलसा म्हणजे थोडा

केवळराम गेल्याची बातमी मला चंद्रपूरच्या भाजीबाजारात कळली. आमच्या कॉलेजातला जुना शिपाई वांगी निवडत होता. मला पाहून म्हणाला, "सर, केवळरामभाऊ गेले ना सोमवारी. तुमाले कोणी सांगतलं नाई?" कोणी सांगितलं नव्हतं, आणि का सांगितलं नव्हतं ते मला ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात कॉलेजात शोकसभा झाली. ज्यांनी त्याला कधी वर्कशॉपच्या बाहेर खुर्ची दिली नाही, ते त्याच्या फोटोला हार घालून 'आपला केवळराम' म्हणत होते. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मग या पेपराच्या याच पुरवणीत त्याच्यावर चार ओळी आल्या. त्यात लिहिलं होतं, 'आराखड्यात चूक राहिली, तरी धडपड मोठी होती.' हे वाक्य खोटं आहे. ते पहिल्यांदा ज्याच्या तोंडून बाहेर पडलं, तो माणूस मी आहे.

केवळराम आमच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. पोंभुर्ण्याकडच्या एका गावचा, तळ्यातल्या मासेमारीवर जगणाऱ्या घरातला. मी साताऱ्याकडून येऊन इथे प्राध्यापक झालेला, आणि पंचवीस वर्षं राहूनही इथल्या बोलीला मनातल्या मनात नाक मुरडणारा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीच्या एका डॉक्टरांनी आम्हाला अडचण सांगितली. पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीनं शस्त्रक्रिया करायची, तर ती दुर्बीण तासभर स्थिर धरायला कोणीतरी लागतं. तिथे दुसरा डॉक्टर नाही, कंपाउंडरचा हात थरथरतो. केवळरामनं ऐकून घेतलं आणि तीन महिन्यांत लोखंडी नळ्या, जुन्या मोटारी आणि नायलॉनच्या दोरांचा एक हात उभा केला. दोर ओढला की कोपर वळायचं, सोडला की थांबायचं. दोराला किती ताण द्यायचा हे त्याला मोजावं लागत नसे. जाळं विणलेली बोटं होती ती. रबराच्या डब्यात बकऱ्याचं काळीज ठेवून आम्ही सराव करायचो. दुर्बीण हलायची नाही.

पण त्याची खरी कल्पना हातापेक्षा मोठी होती. ती तेव्हा मला अर्धवटच कळली. तो म्हणाला, "सर, हे आपल्याजवळच काऊन ठेवाचं? चार कॉलेजात हाच हात बनू द्या. सेम टू सेम. मंग एकाले काई सुधरलं, तर चौघायचं सुधरते." प्रत्येकानं आपापलं यंत्र बनवून आपापली फुशारकी मारायची, यापेक्षा सगळ्यांनी एकाच हातावर प्रयोग करावेत, आराखडे आणि मोटारी चालवणारा संगणकाचा प्रोग्राम कोणीही मागितला तर द्यावा, झालेल्या चुकाही एकमेकांना कळवाव्यात. मी पत्रं लिहिली. तीन कॉलेजं तयार झाली. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी आपली एक जादा दुर्बीण फिरत्या सरावासाठी दिली. पत्रांखाली सही माझी होती, कारण सही करायला इंग्रजी येणारा माणूस लागतो, असं मीच ठरवून टाकलं होतं.

सगळ्या सूचना केवळरामच्या दोनशे पानी वहीत होत्या. त्याच्या अक्षरात, त्याच्या बोलीत. 'इथी वंगण देऊ नका.' 'ह्या स्क्रूले हात लावू नका, लई भानगड होते.' ती वही मोठ्या शहरांतल्या प्राध्यापकांकडे जाणार, या विचारानं मला लाज वाटली... त्याची नाही, माझी. मी कुठल्या आडरानात नोकरी करतो हे दिसेल म्हणून. मी ती शुद्ध करून टाइप करायला घेतली. पाचवी सूचना होती, 'दोर ढिला वाटला तर नट उलसा फिरवा.' उलसा म्हणजे थोडासा. इथलं शेंबडं पोरही सांगेल. मला वाटलं, गड्याला उलटा लिहायचं असेल, लिहिताना चुकला. मी 'उलटा' केलं. केवळरामचं टेबल माझ्या खोलीपासून वीस पावलांवर होतं. मी उठलो नाही.

नट उलटा फिरवला की दोर सुटतो. लगेच नाही; हात थोडा वेळ तोलून धरतो, मग एकदम सोडून देतो. एका कॉलेजात सराव चालू असताना तो तसाच कोसळला. माणूस कोणी नव्हता, रबराचा डबाच होता. पण डॉक्टरांची दुर्बीण मोडली. पत्र आलं, सोबत पाचव्या सूचनेची झेरॉक्स. आमच्या प्राचार्यांनी बैठक बोलावली. केवळरामनं झेरॉक्स डोळ्यांजवळ नेली, वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मी उलसा लिवलं होतं."

"उलसा म्हणजे काय रे?" प्राचार्यांनी विचारलं, आणि सगळे हसले. "मासे मोज आता, उलसे उलसे," असंही कोणी तरी म्हणालं. मीही हसलो.

तो हसला नाही. "वही दाखवा, सर. वहीत हाय."

वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. मी म्हणालो, "वही सापडत नाही. आराखड्यात चूक राहिली असावी."

बस. एवढंच. तेच वाक्य तेव्हा याच पेपरात आलं, तीनही कॉलेजांनी अंग काढून घेतलं, डॉक्टरांनी कळवलं की पुन्हा विचारू नका. केवळरामला प्रयोगांतून काढून लेथच्या शेडमध्ये पाठवलं. मी विभागप्रमुख म्हणून सन्मानानं निवृत्त झालो, शाल आणि नारळ घेऊन. लोक म्हणतात, काळाबरोबर बोच कमी होते. माझी झाली नाही, आणि व्हावी असं मला आता वाटतही नाही.

मी गप्प राहिलो तसा तो राहिला नाही. कुठल्याही विद्यार्थ्याचं पत्र आलं, की तो आराखडे हातानं उतरवून पोस्टानं पाठवायचा. चिमूरच्या एका मुलीनं त्यावरून छोटा हात बनवला. तिला आलेला कागद तिनं शोकसभेनंतर मला दाखवला. वरच्या कोपऱ्यात, सूचनांच्या आधी, लाल पेननं लिहिलं होतं : 'उलसा म्हणजे थोडा. उलटा नाई.' प्रत्येक प्रतीवर तो हेच लिहायचा, म्हणाली. तिला वाटलं होतं, भाऊ गंमत करतात.

मागच्या रविवारी वही घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, सुलोचनाबाई, दारातल्या मशीनवर ब्लाऊज शिवत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं नाही. शेवटी वही पुढे केली, तर म्हणाल्या, "मले काऊन देता? त्यायले माहीत होतं वही तुमच्यापाशी हाय म्हणून. पिशवीचा बंद सुटला होता म्हणे, वहीचा कोपरा बाहेर दिसत होता."

मी विचारलं, "मग ते बोलले का नाहीत?"

"तुमी वही काहाडसान म्हणून वाट पाहून राह्यले होते." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "माफी इथी नोका मांगू, सर. ज्या पेपरात नाव खराब केलं, तिथीच लिवा. अन् त्यायचा शब्द सुधरवू नोका."

म्हणून लिहितो आहे. आराखड्यात चूक नव्हती. चूक माझ्या टाइपात होती, आणि नंतरची चूक नव्हतीच, ते खोटं होतं. केवळरामची वही आता माझ्या टेबलावर पाचव्या सूचनेशी उघडी असते. ती कोणालाही मिळेल, येऊन उतरवून घ्यावी.

त्या रविवारी निघताना मशीनच्या वर पाहिलं. लोखंडी नळ्यांचा, नायलॉनच्या दोरांचा पहिला हात भिंतीला बसवलेला होता. दुर्बिणीच्या जागी त्यात बल्ब होता, तो सुईवर प्रकाश धरून होता. माझ्यासमोरच तो बोटभर खाली आला. सुलोचनाबाईंचे हात कापडात अडकले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तो नट फिरवा."

मी नटाला हात लावला आणि थांबलो. कुठल्या बाजूला, किती... मला आठवेना.

"उलसा," त्या म्हणाल्या.