बारा धुरांडी

गाव सोडलं त्या सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, कुणाच्या तरी चौथऱ्यावर काम करत होते. ते गवंडी. हाताचं सिमेंट पुसत रस्त्यापर्यंत आले आणि म्हणाले, "झिला, खंयचाय घर बांधूचा झाला तर आधी विचार, चुली किती घालूच्यो." मुलाला निरोप देताना चुली मोजायचं हे काय बोलणं, असं मला वाटलं होतं.

बहारीनमध्ये मी ड्राफ्ट्समन झालो. सलमाबादच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये एका खोलीत आठ जण, सगळ्यांना मिळून एक किचन. सोबत पोस्टाने इंग्लंडचा वास्तुकलेचा डिप्लोमा करायला घेतला. आमच्या घरात कॉलेजचं पुस्तक उघडणारा मी पहिलाच. अडलं तर विचारायचं कुणाला, हेच कळत नसे.

शेवटच्या वर्षी विषय मिळाला, इंग्लंडमधली जुनी आल्म्सहाऊस: गरीब म्हाताऱ्यांसाठी दानातून बांधलेल्या वास्तू. मी फोटो पाहिला. चौकोनी अंगण, मध्ये विहीर, प्रवेशद्वारावर दात्याचं नाव कोरलेला दगड. मी बेधडक लिहिलं की ही धर्मशाळा. वृद्ध आपल्याकडच्या यात्रेकरूंसारखे तीन दिवस राहत आणि पुढे जात.

ऑफिसातले पुण्याचे इंजिनिअर कुलकर्णी साहेब ते वाचून हसले. "अरे, आल्म्सहाऊसमधला म्हातारा जन्मभर तिथेच राहतो. निघाला, तर थेट वरच." मग म्हणाले, तोंडी परीक्षा आठवड्यावर आली आहे, असं बोललास तर डिप्लोमा खलास.

मी फोटो पुन्हा समोर धरला. छपरावर विटांची उंच धुरांडी होती. मोजली, बारा. दारंही बारा. तेव्हा आबांचा प्रश्न आठवला: प्रत्येक धुरांड्याखाली एक चूल. मठांच्या आश्रयातून सुरू झालेल्या आणि पुढे व्यापाऱ्यांनी चालवलेल्या परंपरेतली ही वास्तू म्हणजे एक इमारत नव्हती, ती बारा घरं होती. दानावर जगणाऱ्यालाही स्वतःची चूल होती, आतून कडी लावता येईल असं दार होतं.

परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं: गरिबांसाठी इतकी धुरांडी कशाला? मी सांगितलं की आमच्याकडे गवंडी चुलींवरून घरं मोजतो. एकाने पेन खाली ठेवलं आणि मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी पहिल्या श्रेणीत पास झालो.

पुढे सलमाबादच्याच नव्या कामगार वसाहतीचा नकाशा माझ्याकडे आला. मी अंगणाभोवती चोवीस खोल्या काढल्या, प्रत्येकीला वेगळं दार आणि स्टोव्हपुरता ओटा. नकाशा मंजूर झाला. आज त्यातल्याच एका खोलीत माझा भात शिजतो. घर कुठे, असं कुणी विचारलं तर आता मी अडखळत नाही.

आबांना पत्रात एवढंच लिहिलं: "चोवीस चुली घातलंय."