ढगवाल्या बाईंची अकरा दारं

"सूनबाई काय करतात हो तुमच्या?" असं कुणी विचारलं की बाईंच्या सासूबाई गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "ढग विकते." ऐकणारा हसायचा, पण थट्टा अगदीच खोटी नव्हती. बाई एका छोट्या कंपनीत होत्या. दुकानं, दवाखाने, लहान कारखाने यांच्या संगणकातल्या माहितीची दुसरी प्रत ही कंपनी दूर कुठेतरी, इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवायची. त्या साठवणीला सगळे क्लाउड म्हणतात. तेवढ्यावरून बाजारपेठेत बाईंचं नाव पडलं, ते पडलंच.

त्याआधी एकोणीस वर्षं बाई फोटो धुण्याच्या दुकानात काउंटरमागे उभ्या होत्या. एखादा रोल कोरा निघाला की ते गिऱ्हाइकाला सांगायचं काम मालक हमखास त्यांच्यावर ढकलायचा. वाईट बातमी उभ्या उभ्या सांगू नये, समोरच्याला आधी बसवावं, हे त्या तिथे शिकल्या. पुढे सगळ्यांच्या खिशात कॅमेरे आले आणि दुकानाचं शटर खाली ओढलं गेलं. सेहेचाळीसाव्या वर्षी संगणक शिकायची वेळ आली तेव्हा यजमान म्हणाले, "अगं, चावत नाही तो." यजमान बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांच्या मते न चावणाऱ्या कुठल्याही यंत्राला माणसाने भिऊ नये.

बाईंची विकण्याची तऱ्हा वेगळी होती. आग लागेल, चोर येईल, असला बागुलबुवा त्या कधी उभा करायच्या नाहीत. दुकानात शिरायच्या, स्टुलावर टेकायच्या आणि विचारायच्या, "हा संगणक आत्ता कुणी उचलून नेला, तर उद्या सकाळी दुकान उघडून तुम्ही पहिलं काम काय कराल?" मग गप्प बसायच्या. माणूस आधी हसायचा, मग डोकं खाजवायचा, आणि निम्म्याअधिक वेळा सही करायचा.

नोकरीच्या चौथ्या वर्षी बूटवाल्या काकांनी त्यांना अडचणीत आणलं. काका वाकड्या, आखूड, अपघातात चेचलेल्या पायांसाठी मापाचे बूट बनवायचे. सहाशे माणसांच्या पायांची मापं त्यांच्या संगणकात होती. बाई नेहमीप्रमाणे पडद्यावरची हिरवी खूण दाखवत होत्या. सगळं सुरक्षित असल्याची ती खूण.

"खूण झकास आहे हो," काका म्हणाले. "पण एक तरी माप परत आणून दाखवा की."

बाईंनी एक फाईल मागवली. आली. उघडली, तर आत काहीच नाही. दुसरी मागवली, तीच गत. दहा मिनिटं खटपट केल्यावर घोळ लक्षात आला. प्रत ठेवण्याची सोय बसवून देताना त्यांनी पडद्यावरचं जे चित्र निवडलं होतं, तो नुसता शॉर्टकट होता. खरी मापं संगणकाच्या दुसऱ्याच कप्प्यात. तीन वर्षं घराचा पत्ता जपून ठेवला होता आणि घर उघड्यावर होतं.

नेटवर्क नीट नाही म्हणून वेळ मारून नेता आली असती. बाई म्हणाल्या, "काका, बसा जरा. चूक माझी आहे."

काकांनी ऐकून घेतलं, शिवायची सुई गादीत खोचली आणि म्हणाले, "बरं झालं आज विचारलं. आता नीट करून द्या."

ऑफिसला परतेपर्यंत बाईंनी मनात हिशेब मांडला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी अशाच पद्धतीने आणखी अकरा जणांचं काम करून दिलं होतं. साहेब त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होता. त्याने यादी पाहिली आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"ताई, हे इथून बसल्या जागी दुरुस्त होतं. दुपारपर्यंत अकराच्या अकरा ठीक करून टाकतो. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"दुरुस्ती आत्ताच करा. सांगायला मी जाते."

"सांगायचं कशाला पण? उगीच आपल्या पायावर धोंडा!"

"आपल्या भरवशावर मधल्या काळात कुणी काही पुसून टाकलं असेल तर? ते तुम्हाला इथून दिसणार आहे का?"

बाईंनी पर्स उचलली.

पहिलं दार छापखान्याचं. मालक इतका तापला की यंत्रावरची माणसं काम थांबवून बघत राहिली. "तीन वर्षं हवा विकलीत मला!" असं म्हणून त्याने तिथल्या तिथे करार मोडला. बाईंनी कागद घेतला, नमस्कार केला आणि बाहेर येऊन पायरीवर दोन मिनिटं बसल्या. दुसऱ्या दारी शिवणकामवाली म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं तुमच्या घरी काही झालं." तिसऱ्या दारी कुणी नव्हतं.

चौथं दार जनावरांच्या डॉक्टरांचं. टेबलावर नवाकोरा संगणक चमकत होता.

"डॉक्टर, जुना कुठे गेला?"

"सोमवारी भंगारात दिला. शनिवारी सगळं तुमच्याकडून उतरवून घेणार आहे."

बाईंनी त्यांना बसवलं आणि सांगितलं. चौदा वर्षांच्या नोंदी होत्या. कुठल्या कुत्र्याला कुठलं औषध चालत नाही, कुठल्या मांजराचं काळीज नाजूक आहे, सगळं त्यात. डॉक्टर ओरडले नाहीत. गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाले, "चला."

गाडीत मागे पाय बांधलेली एक मेंढी बें-बें करत होती, तिला उतरवायलाही वेळ नव्हता. भंगाराच्या आवारात संगणकांचे एकसारखे करडे चाळीस डबे एकावर एक रचलेले. डॉक्टरांनी आपला ओळखला, कारण एका पोपटाने त्याचं बटण टोचून खाल्लं होतं. पण झाकण उघडं, आणि आतली माहिती साठवणारी डिस्क गायब.

भंगारवाली बाई शांतपणे म्हणाली, "डिस्क बादलीत असतात. जेवण झालं की भोकं पाडणार होते, कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून."

बादलीत सत्तावीस डिस्क होत्या. बाईंनी बादलीसकट विकत घेतल्या.

साहेबाने ती बादली पाहिली, बाईंचा काजळीने माखलेला चेहरा पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. दोघं एकेक डिस्क जोडून पाहू लागले. कुठे कुणाची लग्नपत्रिका, कुठे नुसती खरखर. एकोणिसावी जोडली आणि पडद्यावर नाव उमटलं, 'वाघ्या, वय चार, उजवा कान.' साहेबाने टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की पेन खाली पडलं.

तरी शेवटच्या दोन महिन्यांच्या नोंदी काही केल्या उघडेनात. डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या, बाकी मिळालं हेच खूप." बाईंना ते पटलं नाही. पाच आठवडे, दर सुट्टीच्या दिवशी, त्या दवाखान्याच्या कोपऱ्यात फोन घेऊन बसल्या. तपासणीच्या वहीत मालकांची नावं होती. एकेकाला विचारून त्या नोंद पुन्हा भरत गेल्या. एका आजीबाईंचं मांजर मधल्या काळात गेलं होतं. त्या पाऊण तास त्याच्याबद्दल बोलत राहिल्या. बाईंनी मधेच तोडलं नाही, आणि शेवटी आजीबाईंनी सांगितलेली तारीख नोंदीत लिहिली.

उरलेली सात दारंही, आणि बंद मिळालेलं तिसरंही, त्यांनी त्याच आठवड्यात ठोठावली होती. अकरांपैकी तिघांनी करार मोडले. छापखान्याचा मालक आजही बाई दिसल्या की रस्ता ओलांडतो. बाई त्याला दोष देत नाहीत. "तीन वर्षं फसला बिचारा, रागवायचा हक्क आहे त्याचा," असं म्हणतात.

कंपनीत मात्र नियम झाला की दर तीन महिन्यांनी गिऱ्हाइकासमोर एक फाईल परत आणून उघडायची, आणि ती कुठली हे गिऱ्हाइकानेच ठरवायचं. नव्याने लागलेल्या माणसांना हे बाईच शिकवतात. मागच्या खेपेला एका नव्या मुलीने विचारलं, "ताई, आणि फाईल उघडलीच नाही तर काय सांगायचं?"

"जे झालं ते," बाई म्हणाल्या. "पण कुठली फाईल उघडू, हे आधी आपण विचारलं पाहिजे. त्यांनी विचारायची वाट बघायची नाही."